पहिली सुई कोणाला? स्किल लॅब, सिम्युलेशन आणि व्हीआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी नवी बॅच आली की तेच प्रश्न येतात. विद्यार्थ्यांचे वेगळे, पालकांचे वेगळे आणि खरेदीच्या मीटिंगमधले तर फारच वेगळे. मी नर्सिंग ट्यूटर. स्किल लॅबच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे उत्तरंही मलाच द्यावी लागतात. एकदाची लिहूनच टाकते.

स्किल लॅब, सिम्युलेशन, व्हीआर हे सगळं एकच का?

नाही. स्किल लॅब ही जागा. तिथे खांद्यापासून तोडलेला रबरी हात असतो, कॅथेटर घालायला कंबरेखालचा भाग असतो, सीपीआरचं, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबण्याच्या सरावाचं, धड असतं, आणि ऐपत असेल तर श्वास घेणारा, डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावणारा पूर्ण पुतळाही असतो. त्याला मॅनिकिन म्हणायचं, पण सगळे डमीच म्हणतात. सिम्युलेशन ही पद्धत: प्रसंग खोटा उभा करायचा, काम मात्र खरं करायला लावायचं. व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, हे त्या पद्धतीचं एक साधन. हेडसेट डोळ्यांवर चढवला की समोर कॅज्युअल्टी दिसते, मान वळवली की तिचा दुसरा कोपरा दिसतो.

सिम्युलेशनला कधीकधी वीजही लागत नाही. एका विद्यार्थिनीला पेशंट करायचं, दुसरीला तिची सासू, आणि तिसरीला सांगायचं, "आता हिला पाळणा लांबवण्याबद्दल समजाव. सासूबाई खोलीतून हलणार नाहीत."

वॉर्ड भरून पेशंट असताना बाहुलीवर सराव कशाला?

हा प्रश्न बहुतेक जुने सिनियर विचारतात, आणि "आम्ही नाही का शिकलो?" हे त्याला जोडून येतंच.

शिकलो ना. मी पहिली आयव्ही, म्हणजे शिरेतली सुई, लावली ती एका सरकारी वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाबांना. धोतर, पांढरी मिशी, हातावर शिरा अशा तट्ट की आंधळ्यानेही लावावी. तरी माझ्याकडून तीनदा चुकली. दोनदा शीर फुटून हाताला टेंगूळ आलं. चौथ्या वेळी बाबांनीच दुसरा हात पुढे केला आणि म्हणाले, "टोच पोरी, तुलाबी शिकायचंय." त्यांचा चांगुलपणा मी विसरलेली नाही. पण त्यांना 'नको' म्हणण्याची सोय होती का, हा विचार मला फार उशिरा सुचला. फुकट उपचाराच्या खाटेवर पडलेला माणूस शिकाऊ सुईला नाही म्हणत नाही. स्पेशल रूमच्या पेशंटला पहिली आयव्ही लावलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून लॅब. पहिल्या तीन चुका रबरी हातावर होऊ देत. चौथी बाबांकडे झालीच तरी निदान सुई कशी धरायची हे शोधण्यात ती जाणार नाही.

दुसरं कारण साधं आहे. पोस्टिंगच्या महिनाभरात तुमच्यासमोर प्रसूतीनंतरचा जोराचा रक्तस्राव होईलच असं नाही, आणि झाला तर तुम्हाला कोणी पुढे येऊ देणार नाही, देऊही नये. मग तो शिकायचा कुठे?

हे परदेशी खूळ आहे का?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' आहे. योग्या म्हणजे सराव. त्यात कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर करायला सांगितला आहे, शीर वेधण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर, आणि पट्टी बांधण्याचा कापडी वगैरे पुतळ्यावर. शास्त्र कितीही पाठ असलं तरी हात न वळलेला माणूस कामाला अपात्र, असंही तिथे स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या लॅबच्या बजेटला ही यादी आजही परवडते.

युरोपात १८व्या शतकात मादाम द्यु कुद्रे नावाच्या सुईणबाई होत्या. कापड, चामडं आणि कापसाचं, बाईच्या कंबरेच्या भागाचं यंत्र, त्यातून बाहेर येणारं कापडी बाळ, असा संसार घेऊन त्या राजाच्या परवान्याने फ्रान्सभर गावोगाव फिरल्या आणि हजारो सुइणींना शिकवलं. त्यांचं एक यंत्र रुआं शहरातल्या संग्रहालयात अजून आहे.

आज सीपीआरचं जे धड सगळीकडे दिसतं, त्याची मूळ बाहुली १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणीवाल्याने बनवली. बाहुलीचा चेहरा पॅरिसच्या सेन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या मृत्युमुखवट्यावरून घेतला, असं सांगतात. संगणकावर चालणारा पहिला पुतळा, 'सिम वन', त्याच दशकात कॅलिफोर्नियात तयार झाला. व्हीआर या रांगेत अगदी शेवटी आलं.

व्हीआर नेमकं कशाला चांगलं आणि कशाला नाही?

माझा ठोकताळा असा: हाताला शिकवायचं असेल तर बाहुली, डोक्याला शिकवायचं असेल तर हेडसेट, आणि जिभेला शिकवायचं असेल तर जिवंत माणूस.

कॅन्युला, म्हणजे सुईवर बसवलेली प्लास्टिकची नळी, शिरेत गेली की हाताला एक बारीकशी टक जाणवते आणि मागच्या चेंबरमध्ये रक्त चमकतं. त्या क्षणी सुई आडवी करायची, जरा पुढे सरकवायची, मग प्लास्टिक आत ढकलायचं. साध्या हेडसेटसोबत येणारा कंट्रोलर फार तर थरथरतो. ती टक त्याला देता येत नाही. त्यामुळे व्हीआरमध्ये शंभर आयव्ही लावलेली विद्यार्थिनी वॉर्डात पहिलीच आयव्ही लावत असते, हे लक्षात ठेवायचं. सीपीआरचंही तेच. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीत ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे हवेत हात हलवून कळत नाही. दोन मिनिटांत मनगटं भरून यावी लागतात.

व्हीआर खरं कामाला येतं ते क्रम आणि निर्णय शिकवताना. कॅज्युअल्टीत एकदम सहा अपघातग्रस्त आले तर आधी कोणाकडे जायचं? ओरडणाऱ्याकडे की गप्प पडलेल्याकडे? सहा माणसांना जखमी करून रोज सकाळी लॅबमध्ये झोपवणं मला जमत नाही, हेडसेटला जमतं. शिवाय तोच प्रसंग दहा वेळा, तसाच्या तसा. शरीररचनेतही ते छान चालतं: हृदयाच्या आत उभं राहून झडप उघडताना पाहिलेला विद्यार्थी मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, कुठून येतो ते पुन्हा विचारत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे सिम्युलेटर हा वेगळा वर्ग. तिथे खऱ्या ऑपरेशनमध्येही सर्जन पडद्याकडेच बघत असतो आणि हातात लांब दांड्यांची हत्यारं असतात, म्हणून खोटं आणि खरं यांतलं अंतर मुळातच कमी.

याचा खरंच उपयोग होतो याला पुरावा काय?

दोन अभ्यास मी नेहमी सांगते.

पहिला २००२ सालचा, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला. १६ सर्जरी रेसिडेंट, म्हणजे शिकत असलेले सर्जन. निम्म्यांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा व्हीआर सराव दिला, निम्म्यांना नेहमीचंच शिक्षण. मग सगळ्यांनी खऱ्या पेशंटचं पित्ताशय यकृतापासून सोडवलं. सराव केलेल्यांना २९ टक्के कमी वेळ लागला. पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजण्याची शक्यता सराव न केलेल्यांच्या हातून पाचपट होती. अभ्यास लहान होता, पण तपासणी खऱ्या ऑपरेशन टेबलावर झाली, म्हणून त्याला वजन आहे.

दुसरा नर्सिंगचा. अमेरिकेतल्या नर्सिंग परवाना मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० कॉलेजांत केला, २०१४ साली आला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्मेपर्यंत तास सिम्युलेशनने भरले, तरी शिक्षण संपताना ज्ञानात, कौशल्यात आणि परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही.

आता हा दुसरा अभ्यास मीटिंगमध्ये सांगितला की कोणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे वॉर्ड पोस्टिंग अर्धं केलं तरी चालेल!" थांबा. त्या कॉलेजांत शिक्षकांना सिम्युलेशनचं वेगळं प्रशिक्षण दिलं होतं आणि प्रत्येक प्रसंगानंतर नीट चर्चा होत होती. आपल्याकडे एक ट्यूटर, साठ विद्यार्थी आणि एक बंद पडलेला मॅनिकिन असेल, तर त्या अभ्यासाचं नाव घेऊ नये.

डीब्रीफिंग म्हणजे काय? त्यात एवढा वेळ का जातो?

डीब्रीफिंग म्हणजे प्रसंग संपल्यावरची चर्चा. सगळं शिकणं तिथेच होतं, म्हणून वेळ जातो. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर नंतरची चर्चा वीस ते तीस मिनिटांची. वेळ कमी पडला तर मी प्रसंग छोटा करते, चर्चा नाही.

एक उदाहरण. दम्याचा पेशंट, म्हणजे मॅनिकिन, रक्तातला ऑक्सिजन ८२ टक्क्यांवर, म्हणजे धोक्याइतका कमी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. तिने बीपी घेतलं, नाडी मोजली, फाइल लिहिली, डॉक्टरांना फोन केला. ऑक्सिजनचा मास्क डोक्याशीच लटकत होता, तो चार मिनिटं तसाच. काचेच्या पलीकडून पाहताना माझी जीभ सळसळत होती. जुनी मी असते तर म्हटलं असतं, "अगं, ऑक्सिजन कोण लावणार, तुझे काका?" तिने मान खाली घातली असती, 'सॉरी मॅडम' म्हटलं असतं आणि विषय संपला असता.

आता आम्ही वेगळं विचारतो. जे पाहिलं ते आधी सांगायचं, मला काय वाटलं ते सांगायचं, मग तिचं विचारायचं. "८२ दिसल्यावर चार मिनिटं मास्क लागला नाही. मला काळजी वाटली, कारण तेवढ्यात पेशंट थकतो. तुझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, ऑर्डर नसताना लावला तर डॉक्टर ओरडतील असं वाटलं."

म्हणजे तिला ऑक्सिजन माहीत होता. मास्क कसा लावतात तेही माहीत होतं. अडचण दम्याच्या धड्यात नव्हतीच, ती वॉर्डातल्या उतरंडीत होती. त्यानंतरचा अर्धा तास आम्ही फक्त एवढंच बोललो: तातडीत नर्सने स्वतःहून काय करायचं, आणि फोनवर डॉक्टरांना ते कोणत्या शब्दांत सांगायचं. "सर, पेशंटला धाप आहे, ऑक्सिजन ८२, मी मास्क लावलाय, तुम्ही लगेच या." हे वाक्य सगळ्यांनी मोठ्याने म्हणून दाखवलं. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही पाचव्यांदा जमलं.

हेडसेटने तिला स्क्रीनवर एवढंच दाखवलं असतं: 'ऑक्सिजन देण्यास विलंब. गुण वजा.'

सिम्युलेशनमध्ये पेशंट मरू द्यायचा का?

यावर शिक्षकांत वाद आहे. माझं मत: पहिल्या-दुसऱ्या वर्षाला नाही. आपल्या चुकीमुळे डमी गेली तरी विद्यार्थी रात्रभर झोपत नाही, हे मी पाहिलं आहे, आणि घाबरलेलं डोकं शिकत नाही. शेवटच्या वर्षाला मृत्यू हाच धडा असेल, म्हणजे नातेवाइकांना कसं सांगायचं हा विषय असेल, तर जरूर. पण तसं होणार हे आधी कानावर घालूनच. शिक्षकाला कंट्रोल रूममध्ये बसून मजा वाटली म्हणून मॉनिटरवर सरळ रेघ आणणं हा आचरटपणा आहे.

व्हीआरने चक्कर येते का?

काहींना येते, मळमळतंही. डोळे सांगतात 'आपण चाललोय', कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो 'जागेवरच आहोत'. दोघांचं जमत नाही आणि पोट मध्ये पडतं. घाटात एसटीत पुस्तक वाचल्यावर होतं त्याचाच उलटा प्रकार. उपाय सोपे: पहिल्यांदा बसून, पाच-दहा मिनिटंच, कंट्रोलरची दांडी ढकलून चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेणारा पर्याय निवडायचा, उपाशीपोटी यायचं नाही. त्रास सुरू झाला की लगेच काढायचा. 'थोडं सहन कर, सवय होईल' असं आम्ही म्हणत नाही. फिट्स येत असतील किंवा व्हर्टिगोचा त्रास असेल तर आधी सांगा, तुम्हाला स्क्रीनवरचा प्रकार देऊ.

चष्मा चालतो का? आणि अंबाड्याचं काय?

चष्मा बहुतेक चालतो, रुंद फ्रेम अडते. अंबाडा मात्र चालत नाही! नर्सिंगच्या गणवेशात केसांची जाळी आणि अंबाडा सक्तीचा, आणि हेडसेटचा पट्टा नेमका तिथेच बसतो. व्हीआरच्या दिवशी खाली, मानेवर वेणी घाला. ही परवानगी मी लेखी मिळवली आहे.

व्हीआरमधला पेशंट मराठी बोलतो का?

सध्या आमच्याकडे आहे तो नाही, आणि माझी मोठी तक्रार हीच. तो स्वच्छ इंग्रजीत सांगतो की वेदना छातीच्या मधोमध आहे, दहापैकी आठ. आपला पेशंट असं कधी बोलला आहे? तो म्हणतो, "घाबरल्यागत होतंय", "छातीवर कुणी बसल्यासारखं", "पोटात गुबारा धरलाय", "अंगात कणकण आहे", "डोळ्यापुढं अंधारी येती". बाई पाळीबद्दल बोलताना 'बाहेरची' म्हणते, 'कावळा शिवला' म्हणते आणि आवाज खाली जातो. 'दहापैकी किती दुखतं?' विचारलं तर उत्तर येतं, "लई."

हे शिकवायला माणूसच हवा. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मज्जाविकारतज्ज्ञाने एका बाईंना पेशंटची लक्षणं पढवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. नाट्यस्पर्धांची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात तरी अशा माणसांचा दुष्काळ नसावा. आमच्या कॉलेजच्या निवृत्त हेडक्लार्क बाई मधुमेहाची पेशंट अशी वठवतात की एका विद्यार्थ्याने खरोखर त्यांची शुगर तपासली. (जास्त निघाली. त्यांना माहीत नव्हतं.)

पैसे कमी असतील तर सुरुवात कशाने करायची?

हेडसेटने नक्की नाही. हेडसेटची किंमत बऱ्यापैकी मोबाईलएवढी असते, त्यावर कोणी अडत नाही. खरा खर्च सॉफ्टवेअरच्या दरवर्षीच्या लायसन्सचा आणि ते चालवणाऱ्या माणसाचा. तो माणूस नेमला नाही की वर्षभरात हेडसेट कपाटात, चार्जर दुसऱ्या कपाटात.

स्वस्तातल्या गोष्टी सांगते. त्वचेखालच्या इंजेक्शनला संत्रं. टाक्यांना केळ्याची साल, पुढे कोंबडीची तंगडी. श्वासमार्गासाठी खाटकाकडून बकऱ्याची श्वासनलिका. सकाळी लवकर जा, आणि कशाला हवी ते सांगा, नाहीतर ते स्वच्छ तोडून देतात. रक्तासाठी पाणी, कॉर्नफ्लोअर, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. उलटीला भिजवलेले पोहे.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी मी हे खोटं रक्त मोजून ९०० एमएल चादरीवर, पॅडवर आणि जमिनीवर सांडते आणि विचारते, किती गेलं? उत्तरं ३००-४०० च्या घरात येतात. धोक्याची रेषा ५०० ला, म्हणजे त्यांच्या अंदाजाने काळजीचं कारणच नाही. मग सगळे कपडे वजनकाट्यावर ठेवतो, कोरड्या कपड्यांचं वजन वजा करतो. काट्यावरचा आकडा पाहून होणारी शांतता कुठल्याही हेडसेटमध्ये मिळत नाही. काटा भाजीवाल्याचा आहे.

बाहुलीवर बीटाडीन का वापरू देत नाही?

डाग पडतो आणि कायमचा राहतो. हळद, बीट, कोकम यांचाही. बॉलपेनचा आणि वर्तमानपत्राच्या शाईचाही, म्हणून तिला पेपरवर झोपवायचं नाही. स्वच्छ करण्याची कृती पूर्ण करा, बाटलीत पाणी आहे असं समजा.

लॅबमधल्या सलाईनवर 'फक्त सरावासाठी' असं लाल अक्षरात का लिहिता?

२०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाईनच्या पिशव्या खऱ्या दवाखान्यांत पोचल्या आणि ४० हून अधिक लोकांना चढवल्या गेल्या. अनेकांना थंडी वाजून ताप आला, काहींना दाखल करावं लागलं. म्हणून लॅबमधली कुठलीही बाटली, अँप्यूल, सिरिंज वॉर्डात जात नाही. वॉर्डात संपलं म्हणून 'जरा एक द्या ना मॅडम' म्हणत आलात तरी मिळणार नाही. रुसू नका.

हे सगळं नियमात आहे का?

आहे. एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून कौशल्याधारित अभ्यासक्रम आला आणि स्किल लॅब सक्तीची झाली. भारतीय नर्सिंग परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमातही स्किल लॅबचे तास वेगळे दाखवलेले आहेत. जागेचे चौरस मीटर तपासणीत मोजले जातात. बाहुलीवर धूळ किती आहे ते कोणी मोजत नाही.

परीक्षेत व्हीआर येईल का?

ऑस्की परीक्षेत, म्हणजे एकेका टेबलावर जाऊन एकेक कौशल्य करून दाखवायच्या परीक्षेत, मॅनिकिन असतात, त्यांच्यावर हात चालवा. व्हीआरवर गुण मिळतील या आशेवर राहू नका.

हेडसेट घरी नेता येईल का?

नाही. रबरी हात मात्र सुटीत सही करून नेता येतो. मागच्या दिवाळीत तो नेलेल्या विद्यार्थ्याला एसटीच्या कंडक्टरने पिशवी उघडायला लावली होती, तेव्हा कॉलेजचं ओळखपत्र वरच ठेवा.